थ्री नॉट थ्री कशी ओळखायची आणि तिचे किती द्यायचे? (एपिसोडचा लिखित मजकूर)

एपिसोड ऐकून झाल्यावर ज्यांना खुणा आणि आकडे पुन्हा बघायचे असतात, त्यांच्यासाठी नेहमीप्रमाणे हा लिखित मजकूर. बोलताना येणारे 'म्हणजे', 'ना', 'काय म्हणतात त्याला' मी थोडे काढलेत. सगळे नाही काढले, नाहीतर तुम्ही म्हणाल हे दुसऱ्याच कुणीतरी लिहिलंय.

आजचा विषय जुन्या लष्करी रायफली. आधीच सांगते, मी काही शस्त्रतज्ज्ञ नाही. बीटेक कॉम्प्युटर, नोकरी बॅकएंडची, दिवसभर लॉग वाचायचे आणि कुठल्या व्हर्जनमध्ये काय बदललं ते शोधायचं. पण गेलं वर्षभर माझे बरेच शनिवार ओहायोतल्या मामासोबत गन शोच्या टेबलांमध्ये गेलेत. आणि तिथे मला कळलं की जुनी रायफल वाचणं आणि जुना कोडबेस वाचणं यात फारसा फरक नाही. कुणी सांगितलेली गोष्ट बाजूला ठेवायची आणि खाली काय लिहिलंय ते बघायचं.

मामाला हे वेड कुठून लागलं? आजोबा खडकीच्या अॅम्युनिशन फॅक्टरीत होते. १८६९ सालची फॅक्टरी, अख्ख्या खडकी-दापोडीची घड्याळं तिच्या भोंग्यावर लागायची असं आजी सांगते. आजोळी देव्हाऱ्यात एक पितळी पुंगळी होती, .३०३ च्या काडतुसाची. आजी त्यात उदबत्ती खोचायची. पुंगळीच्या बुडावर इंग्रजीत 'के एफ' कोरलेलं, म्हणजे खडकीचा, इंग्रजांच्या भाषेत 'किरकी'चा छाप. मामा नव्वदच्या दशकात अमेरिकेत आला, नागरिक झाला, आणि साठीच्या जवळ आल्यावर त्याच्या डोक्यात बसलं की या पुंगळीची रायफल आपल्याकडे असावी. जिच्यासाठी बाबांनी आयुष्यभर काडतुसं केली, ती थ्री नॉट थ्री.

आपल्याकडे थ्री नॉट थ्री कुणाला माहीत नाही? पोलीस चौकीबाहेर उभा असलेला हवालदार, २६/११ च्या रात्री सीएसटीवर पोलिसांच्या हातात असलेली ती जुनी लाकडी बंदूक. पण 'थ्री नॉट थ्री' हे बंदुकीचं नाव नाहीच. ते काडतुसाचं माप आहे. बंदुकीचं नाव ली-एनफिल्ड. जेम्स पॅरिस ली या माणसाची बोल्टची रचना आणि एनफिल्डच्या कारखान्यातले नळीचे चरे, दोन्ही मिळून १८९५ पासूनचं हे कुटुंब. आणि हे कुटुंब मोठं आहे. तिथेच नवखा माणूस फसतो.

आधी एक गंभीर गोष्ट

माझे बरेच श्रोते अमेरिकेत एफ-१ किंवा एच-१बी वर आहेत, म्हणून हे आधी. अमेरिकेच्या फेडरल कायद्यानुसार नॉन-इमिग्रंट व्हिसावर असलेल्या व्यक्तीला बंदूक किंवा काडतुसं बाळगता येत नाहीत. शिकारीचा वैध परवाना वगैरे मोजके अपवाद आहेत. आणि 'बाळगणं' म्हणजे फक्त मालकी असं समजू नका. मित्राबरोबर रेंजवर जाऊन भाड्याची बंदूक उचलणं, फोटो काढून इन्स्टाला टाकणं, हेही त्यात येऊ शकतं. टेक्सासला गेलो की सगळे करतातच, हे कारण इमिग्रेशन ऑफिसरसमोर चालत नाही. मी स्वतः एच-१बी वर आहे. त्यामुळे आमच्या घरात कामाची वाटणी ठरलेली: रायफलीला हात मामा लावतो. मी हात मागे ठेवून वाकते, फोनचा टॉर्च मारते, फोटो काढते. काडतुसालासुद्धा हात लावत नाही. गन शोमध्ये लोकांना हे विचित्र वाटतं, वाटू दे.

आणि भारतातल्या मंडळींसाठी: हे सगळं वाचून इथे असं काही घेता येईल असं वाटत असेल तर नाही. .३०३ आपल्याकडे 'प्रोहिबिटेड बोअर' आहे, म्हणजे सामान्य परवान्यावर मिळत नाही. गंमत म्हणजे म्हणूनच आपल्या शेतकऱ्या-शिकाऱ्यांकडे .३१५ दिसते. तिची रचना ली-एनफिल्डचीच, पण काडतूस वेगळं, कारण लष्करी काडतूस लोकांच्या हाती नको हे इंग्रजांचं धोरण. ते तसंच पुढे चालू राहिलं.

ही रायफल ओहायोत आलीच कशी?

सरप्लस म्हणजे काय, ते एकदा समजून घेऊ. सैन्य नवीन रायफल घेतं, जुन्या लाखोंनी गोदामात पडतात. मग व्यापारी त्या किलोच्या भावात घेतात आणि अमेरिकेत नगाच्या भावात विकतात. दुसऱ्या महायुद्धानंतर तर पूर आला होता. १९६३ साली ली हार्वे ऑस्वाल्डने केनेडींवर जी इटालियन कारकानो चालवली, ती त्याने शिकागोच्या दुकानातून टपालाने मागवली होती. दुर्बिणीसकट १९ डॉलर ९५ सेंट! पुढे १९६८ चा गन कंट्रोल अॅक्ट आला, टपालाने बंदुका बंद झाल्या, लष्करी सरप्लसची आयातही थांबली. ऐंशीच्या दशकात जुन्या, संग्रहयोग्य रायफलींसाठी दार पुन्हा उघडलं.

याचा आपल्या कामाशी संबंध काय? १९६८ नंतर आयात केलेल्या बंदुकीवर आयातदाराचं नाव आणि गाव ठोकावं लागतं. त्यामुळे नळीवर किंवा रिसीव्हरवर व्हरमाँट नाहीतर व्हर्जिनियातल्या एखाद्या कंपनीचं नाव दिसलं, तर ही रायफल नंतरच्या लाटेत आलेली. नाव नसेल तर बहुतेक आधीच आलेली, किंवा एखाद्या सैनिकाने सोबत आणलेली. संग्राहक या छापाला नाक मुरडतात आणि किंमत थोडी उतरते. मला स्वतःला हे नाक मुरडणं फारसं पटत नाही. बारीक, कोपऱ्यातला छाप असेल तर मी त्यासाठी जास्त पैसे देणार नाही आणि कमीही मागणार नाही. पण नळीवर ठळक ओळ असेल तर पुढे विकताना गिऱ्हाईक ती दाखवणारच, हे धरून चाला.

कुठे बघायचं

ली-एनफिल्ड हातात आली, म्हणजे मामाच्या हातात आली, की पहिली नजर दस्त्याजवळच्या लोखंडी कड्यावर. बोल्टच्या मुठीखाली, जिथे लाकडी दस्ता लोखंडात घुसतो, त्याला बट सॉकेट म्हणतात. त्याच्या उजव्या बाजूला मुकुट, राजाची अक्षरं, कारखान्याचं नाव, वर्ष आणि मॉडेल अशी उतरंड असते. हा त्या रायफलीचा हेडर समजा.

राजाची अक्षरं 'जी.आर.' असली तर राजा जॉर्ज. 'जी.आर.आय.' असली तर कान टवकारा. तो शेवटचा 'आय' म्हणजे 'इम्परेटर', हिंदुस्थानचा सम्राट, आणि ती अक्षरं इशापूरच्या रायफलींवर येतात. इशापूर म्हणजे कोलकात्याच्या उत्तरेला हुगळीकाठचं गाव. आधी तिथे दारूगोळ्याची भुकटी बनायची, १९०४ साली रायफल फॅक्टरी झाली. स्वातंत्र्यानंतर मुकुट गेला, अशोकस्तंभाचे सिंह आले, आणि 'आर.एफ.आय.' म्हणजे रायफल फॅक्टरी इशापूर. मामाने पहिल्यांदा ओहायोच्या एका जत्रेच्या मैदानावर, तंबाखू चघळणाऱ्या माणसाच्या टेबलावर ते सिंह पाहिले तेव्हा तो काही बोलला नाही. नुसता अंगठा फिरवत राहिला.

पण हेडर वाचून थांबायचं नाही. मॉडेलचं नावसुद्धा बोलतं. १९०७ च्या आखूड ली-एनफिल्डला 'मार्क थ्री' म्हणतात. पहिल्या महायुद्धात उत्पादन झटपट व्हावं म्हणून त्यातले काही भाग गाळले: मॅगझिन बंद करायची पट्टी, लांबवर सामूहिक मारा करायच्या जादा साइट्स, असलं सगळं. ती झाली 'मार्क थ्री स्टार'. आमच्या भाषेत फीचर काढून केलेला पॅच रिलीज. मग १९२६ साली इंग्रजांनी नावंच बदलली आणि त्याच रायफलीला 'नंबर वन मार्क थ्री' म्हणायला लागले. म्हणजे बघा, विक्रेता सांगतो 'ही पहिल्या महायुद्धातली', आणि सॉकेटवर 'नंबर वन' ठोकलेलं आहे. मग एकतर ती नंतरची आहे किंवा नंतर पुन्हा ठोकलेली. इतक्या एका गोष्टीने मी दोन टेबलांवर मामाला उठवलंय.

लांबून ओळखायची सोपी खूण तोंडाची. नंबर वनचं तोंड चपटं, लाकूड आणि लोखंडी टोपी थेट नळीच्या टोकापर्यंत. १९४१ ला अधिकृत झालेल्या नंबर फोरची नळी पुढे थोडी उघडी असते आणि मागची साइट भोकाची. नंबर फाइव्ह म्हणजे प्रसिद्ध 'जंगल कार्बाइन', तोंडाला नरसाळ्यासारखं फ्लॅश हायडर.

या शेवटच्या दोघींवरून सगळ्यात जास्त फसवाफसवी चालते. नंबर फोर कापायची, पुढे नरसाळं बसवायचं, झाली जंगल कार्बाइन. अमेरिकेत काही कंपन्यांनी तर हे उघडपणे करून विकलंय, त्यात गैर काही नाही, पण ती तिसऱ्या-चौथ्या हाताला जाते तेव्हा टॅगवर 'ओरिजिनल' चढतं. खऱ्या नंबर फाइव्हमध्ये वजन कमी करण्यासाठी रिसीव्हरवर आणि नळीच्या जाड बुडाशी धातू कोरून काढलेला असतो. लाकूड वर उचलून बघितलं की नळीच्या बुडाशी ते खाचे दिसतात. कापून केलेल्या रायफलीत नसतात. तीच गोष्ट स्नायपरची. नंबर फोरला एक दुर्बीण लावली आणि 'टी' अक्षर ठोकलं की किंमत तिप्पट-चौपट होते, म्हणून 'टी' अक्षर ठोकणारे हातही बरेच. खऱ्या स्नायपरच्या दस्त्यावर दुर्बिणीचा नंबर असतो आणि तो दुर्बिणीवरच्या नंबराशी जुळावा लागतो. नवख्याने या वाटेला जाऊच नये असं माझं मत. पहिल्या वर्षात नाहीच.

नंबर जुळणे, म्हणजे चेकसम

आता सिरीयल नंबर. आखूड ली-एनफिल्डवर तो रिसीव्हरच्या पुढच्या उजव्या बाजूला असतो, बोल्टच्या मुठीच्या मुळाशी असतो, नळीवर असतो, मागच्या साइटच्या पट्टीखाली आणि पुढच्या टोपीवरही असू शकतो. सगळे सारखे असले तर 'ऑल मॅचिंग'. पण हा शब्द टॅगवर दिसला की आधी प्रश्न विचारायचा: कुठले कुठले बघितले? बहुतेकांनी फक्त बोल्ट आणि रिसीव्हर बघितलेला असतो.

बोल्ट-रिसीव्हर जुळणं हे किमान. ते नुसतं संग्राहकाचं लाड नाही, त्यात सुरक्षितता आहे. बोल्ट त्या रिसीव्हरला घासून बसवलेला असतो. दुसऱ्याच रायफलीचा बोल्ट असेल तर काडतुसाच्या मागे किती जागा उरते, ज्याला हेडस्पेस म्हणतात, ते बिघडू शकतं. ते डोळ्यांनी कळत नाही. गनस्मिथकडे गेज असतात, तो दहा मिनिटांत सांगतो.

नंबर जुळले म्हणून लगेच खूश होऊ नका. कसे जुळले तेही बघा. कारखान्याचे आकडे दाबून ठोकलेले, एका धाटणीचे असतात. नंतर कुणी जुळवले असतील तर जुना आकडा घासून काढल्याचा सपाट चकचकीत पट्टा दिसतो, किंवा आकडे विजेच्या पेन्सिलीने खरडलेले दिसतात. रशियन मोसिन-नागांतवर तर हे सर्रास असतं. सोव्हिएत डेपोंनी दुरुस्ती करताना पार्ट्स मिसळले आणि शेवटी एकच नंबर सगळ्यांवर घातला. त्यात फसवणूक नाही, ती डेपोची पद्धत. पण ती 'कारखान्यातून तशीच आली' या गोष्टीपेक्षा वेगळी, आणि किंमतही वेगळी.

इंग्रजी रायफलीवर 'एफ.टी.आर.' दिसलं तर घाबरू नका. 'फॅक्टरी थरो रिपेअर', म्हणजे कारखान्यात संपूर्ण उघडून दुरुस्त केलेली. रिसीव्हर १९१८ चा आणि नळी १९४२ ची, असंही दिसेल. नळी झिजते, सैन्य ती बदलतं. चालवायची असेल तर अशी रायफल उलट चांगली.

इशापूरच्या आणि भारतात वापरलेल्या रायफलींची आणखी एक ओळख: पुढच्या लाकडातून आडवा गेलेला स्क्रू. आपल्या उन्हात लाकूड तडकायचं म्हणून घातलेला. इथले संग्राहक त्याला 'इशापूर स्क्रू' म्हणतात. अमेरिकन माणसाच्या तोंडून 'इशापोर' ऐकलं की मामा दरवेळी दुरुस्त करतो. समोरचा दरवेळी पुन्हा 'इशापोर' म्हणतो.

ज्या दिवशी आठशे पन्नास डॉलर वाचले

आता तो शनिवार. टेबलावर रायफल: जी.आर.आय., इशापूर, १९४२, नंबर वन मार्क थ्री स्टार. लाकूड नुकतंच पॉलिश केल्यासारखं मधाळ, टॅगवर साडेआठशे डॉलर, 'ऑल मॅचिंग, शूटर'. बोल्ट-रिसीव्हरचे नंबर खरंच जुळत होते. मामाचा चेहरा असा होता की विक्रेत्याला भाव करायची गरजच उरली नव्हती. मामाने पाकीट काढलं.

मी नेहमीसारखे फोटो काढत होते. रिसीव्हरचा एक फोटो फोनवर मोठा करून बघितला, तर वर्षाजवळ काळ्या रंगाच्या थराखाली काहीतरी बुजलेलं. कोन बदलून, टॉर्च आडवा धरून पुन्हा काढला. 'डी.पी.'

'मामा, थांब. पाकीट ठेव आत.'

'अगं, काय झालं?'

डी.पी. म्हणजे 'ड्रिल पर्पज'. कवायतीची बंदूक. सैन्याने जी रायफल गोळी झाडायला लायक नाही असं ठरवलं, तिच्यावर हा शिक्का मारून ती कवायतीला देऊन टाकायची. कुणाच्या नळीला भोक पाडलेलं असतं, कुणाची पिन कापलेली, कुणाचा रिसीव्हरच थकलेला. काही वेळा बाहेरून काहीच दिसत नाही, आणि तो सगळ्यात वाईट प्रकार. आपल्याकडच्या डी.पी. रायफलींच्या लाकडावर पांढरे पट्टेही असतात. इथे लाकूड इतकं गुळगुळीत का घासलं होतं ते आता कळलं.

विक्रेता म्हणाला, ते काही विशेष नाही, असे शिक्के सगळ्यांवर असतात. नसतात. मामा त्या रायफलीत पुढच्या रविवारी काडतूस घालून गाल दस्त्याला टेकवणार होता. परतताना गाडीत बराच वेळ कुणी बोललं नाही. मग मामा म्हणाला, 'बाबा असते तर त्यांनी टेबलावरच सांगितलं असतं.'

त्या दिवसापासून आमचा क्रम बदलला. आधी बाद करणाऱ्या गोष्टी, मग आवडणाऱ्या. डी.पी. शिक्का कुठेही, दस्त्यावर, रिसीव्हरवर, नळीवर. रिसीव्हरला तडा. बोल्टचा नंबर घासलेला. यातलं एक जरी निघालं तरी पुढचं बघायचंच नाही, लाकूड कितीही सुंदर असो.

आणि दुसरी फसगत, जी मामासाठी खास होती. १९६२ च्या चीन युद्धानंतर इशापूरने याच रायफलीची ७.६२ मिमी नाटो काडतुसाची आवृत्ती काढली, 'टू ए' आणि 'टू ए वन'. बाहेरून हुबेहूब थ्री नॉट थ्री. विक्रेते टॅगवर बिनधास्त 'इंडियन .३०३' लिहितात. ओळखायचं कसं? मॅगझिन चौकोनी, बॉक्ससारखं, बारा गोळ्यांचं. .३०३ चं मॅगझिन दहाचं आणि खाली उतरतं, गोलसर. सॉकेटवर ७.६२ लिहिलेलं असतं. ही वाईट रायफल अजिबात नाही, उलट काडतूस सहज मिळतं म्हणून बरेच जण हीच घेतात. पण दोघींची काडतुसं एकमेकींत चालत नाहीत, आणि टॅगवर विश्वास ठेवून चुकीचं काडतूस आणणं जिवावर बेतू शकतं. भारतातून तिसराही एक प्रकार आलाय, .४१० ची मस्केट. पोलिसांसाठी .३०३ ची नळी गुळगुळीत करून, मॅगझिनमध्ये लाकडी ठोकळा घालून केलेली एकगोळी बंदूक. तीही टेबलावर 'एनफिल्ड रायफल' म्हणूनच पडलेली असते.

मग किती द्यायचे?

पहिला नियम: मागितलेली किंमत म्हणजे किंमत नाही. ऑनलाइन लिलावाच्या साइटवर चालू लिस्टिंग बघू नका, संपलेले आणि खरोखर विकले गेलेले लिलाव बघा. हाच फिल्टर. आम्ही तीन महिने अशा विक्रीची स्प्रेडशीट केली. आमच्या नोंदीत इशापूरची पूर्ण, न कापलेली, बोल्ट जुळणारी, बऱ्या नळीची मार्क थ्री स्टार साधारण साडेचारशे ते सहाशे डॉलरला जात होती. बोल्ट न जुळणारी चारशेच्या आसपास. पुढचं लाकूड कापून शिकारीची केलेली दोन-अडीचशेला. तुमच्या राज्यात, तुम्ही वाचाल त्या महिन्यात आकडे वेगळे असतील, म्हणून आकडे पाठ करू नका, शीट स्वतःची करा.

मी इंजिनियर असल्यामुळे आधी वजनं लावून स्कोअर काढायचा फॉर्म्युला केला होता. नळीला तीस गुण, लाकडाला वीस, वगैरे. तो कचऱ्यात गेला. कारण किंमत बेरजेने चालत नाही. कापलेलं लाकूड परत जोडता येत नाही. जुनं लाकूड शोधायला गेलात तर त्याची किंमत आणि रायफलीची किंमत मिळून आख्खी चांगली रायफल येते. 'स्वस्तात घेऊ, नंतर मूळ रूपात आणू' हा सगळ्यात महाग विचार. मामाने असं एक स्वस्त पिल्लू घेतलंय, ते अजून बेसमेंटमध्ये अर्धं आहे.

लाकडावर पॉलिश असेल तर पैसे वाढवू नका, कमी करा. घासताना तपासनिसांचे छोटे शिक्के जातात, आणि ते शिक्के म्हणजेच इतिहास. चार खरचटे आणि तेलाने काळं पडलेलं लाकूड जास्त मोलाचं.

नळीच्या आत टॉर्चने बघा. चरे स्पष्ट, कडा धारदार असाव्यात. बऱ्याच जुन्या लष्करी काडतुसांचे प्रायमर गंज आणणारे असायचे. सैनिकाने झाडल्यावर पाण्याने धुतली नाही तर नळी आतून खवल्यांसारखी होते. थोडे काळे ठिपके असतील तर रायफल चालते. पण चरेच बुजले असतील तर ती भिंतीवरची शोभा, आणि किंमत शोभेचीच.

आणि 'रेअर' या शब्दाकडे दुर्लक्ष करा. ली-एनफिल्ड लाखोंनी बनल्या. भाव चढतो तो दुर्मिळतेपेक्षा पुरवठा आटल्यावर. मोसिन-नागांत २०१० च्या सुमारास शंभर डॉलरच्या आत मिळायची, लोक क्रेटमधून निवडून घ्यायचे. माल येणं थांबलं आणि तीच रायफल आता कित्येक पटीने महाग आहे. तेव्हा कुणी तिला रेअर म्हणत नव्हतं.

लपलेले खर्चही धरा. प्रत्यक्ष लिलावात हातोड्याच्या भावावर खरेदीदाराचं प्रीमियम लागतं, पंधरा-वीस टक्केही. दुसऱ्या राज्यातून मागवली तर परवानाधारक डीलरकडे यावी लागते, तो फी घेतो, फॉर्म ४४७३ भरून घेतो, पार्श्वभूमी तपासतो. मामाने म्हणून 'क्युरिओ अँड रेलिक' परवाना काढला. तीन वर्षांचे तीस डॉलर. पन्नास वर्षांपेक्षा जुनी, मूळ रूपातली बंदूक त्यावर थेट घरी मागवता येते. अट अशी की प्रत्येक खरेदी-विक्री वहीत नोंदवायची. राज्यांचे नियम वेगळे, ते आधी बघा. आणि .३०३ चं नवीन काडतूस नगाला दीड-दोन डॉलर पडतं. रेंजवरच्या एका दुपारचा हिशोब करून बघा.

शेवटी मिळाली

एप्रिलमध्ये इंडियानातून. इशापूर, १९४३, मार्क थ्री स्टार. बोल्ट जुळतो, पुढची टोपी दुसऱ्या रायफलीची. आयातदाराचा बारीक छाप नळीखाली. लाकूड काळपट, इशापूर स्क्रू जागेवर, नळीत थोडे ठिपके. विक्रेत्याकडून आम्ही अकरा फोटो मागवले होते, त्यात चार फक्त शिक्क्यांचे. फोटो द्यायला जो कंटाळतो त्याच्याकडून घ्यायचं नाही, हेही आता ठरलंय. चारशे पासष्ट आणि पाठवणी पंचेचाळीस. गनस्मिथने गेज लावून पास केली.

मामाने वहीत पहिली नोंद केली, बोल्ट काढून वेगळ्या कुलपात ठेवला, आणि मग आजीला व्हिडिओ कॉल लावला. रायफल दाखवली, सॉकेटवरचं १९४३ दाखवलं. आजीने चष्मा वर करून बघितलं. बाबांचं नाव निघालं, उदबत्तीच्या पुंगळीचं निघालं. मग तिने विचारलं, 'केवढ्याला पडली?'

मामाने सांगितलेली किंमत मी इथे लिहीत नाही. आमच्या स्प्रेडशीटमध्ये एवढी स्वस्त एकही नोंद नाही.